बाळाला नळीने दूध देणे घरात मला एकटीलाच येते. दुसऱ्या कोणाला कसे शिकवावे?

प्रश्न: सेलूकर आई

नमस्कार. माझा मुलगा ५ महिन्यांचा आहे. जन्मल्याबरोबर तो रडला नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, पहिल्याच दिवशी झटके सुरू झाले आणि एकूण ३३ दिवस तो रुग्णालयात होता. त्यांतले निम्मे दिवस काचेच्या पेटीत. आता झटके औषधाने आटोक्यात आहेत. तो आवाजाकडे मान वळवतो, माझ्या पदराचे टोक मुठीत घट्ट धरतो. पण त्याला गिळणे जमत नाही. तोंडातले दूध श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असल्यामुळे नाकातून पोटात गेलेल्या नळीनेच त्याला दूध द्यावे लागते. दर ३ तासांनी, म्हणजे दिवसाला ८ वेळा, मी माझे दूध काढते आणि सिरिंजने देते. दूध काढणे, ते देणे, वाट्या उकळणे आणि पुन्हा दूध काढणे या फेऱ्यात गेल्या चार महिन्यांत मला सलग दोन तासांची झोप क्वचितच मिळाली आहे.

परंतु थकव्यापेक्षा मोठी अडचण अशी की, हे काम घरात मला एकटीलाच येते. पती पुण्याला कंपनीत आहेत, महिन्यातून दोनदा येतात. सासूबाई अतिशय मायाळू आहेत, बाळाचे बाकी सगळे त्याच करतात, पण नळीला हात लावायची वेळ आली की त्यांचे हात कापतात. मागच्या आठवड्यात मला १०३ ताप होता. त्याच रात्री उकाड्याने बाळाच्या गालावरची चिकटपट्टी घामाने सुटली आणि दोनच्या सुमारास त्याने नळी ओढून काढली. सकाळी जीप मिळेपर्यंत आम्ही दोघी त्याला आळीपाळीने मांडीवर घेऊन बसलो. दोन वेळचे दूध चुकले आणि झटक्यांच्या औषधाची एक मात्राही चुकली. पहाटे सासूबाई म्हणाल्या, "बोंडल्याने दोन घोट तरी पाजू दे गं, लेकरू उपाशी हाय." मी त्यांच्यावर ओरडले. तेव्हापासून त्या दूध देण्याच्या वेळी खोलीतच थांबत नाहीत.

ज्यांच्या घरी असे बाळ आहे त्यांनी दुसऱ्या माणसाला हे काम कसे शिकवले, हे मला जाणून घ्यायचे आहे. सासूबाईंचे वय ६२ आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नाही आणि ऐकायलाही कमी येते. नळी जागेवर आहे की नाही हे मी नळीतून थोडी हवा सोडून, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून, आवाजावरून ठरवते. ते त्यांना जमणारच नाही. अशा माणसावर ही जबाबदारी टाकणे योग्य आहे का? डॉक्टरांनी पोटातून नळी बसवण्याचाही विचार करायला सांगितले आहे. त्याने ही अडचण सुटेल का?

उत्तर: लातूरची आई

ताई, माझी मुलगी आता ६ वर्षांची आहे. ७ महिने तिला नाकातून नळी होती, नंतर पोटातून बसवली. त्यामुळे तुम्ही लिहिलेली रात्र मला वाचावी लागली नाही, ती आठवली.

आधी बोंडल्याबद्दल लिहिते, कारण तुमच्या घरातली खरी गाठ तिथे बसली आहे असे मला वाटते. आमच्या घरी मी अंघोळीला गेले असताना सासूबाईंनी बोंडल्याने दोन घोट दूध पाजले होते. मुलीला ठसका लागला नाही, खोकला आला नाही, तिने चेहरासुद्धा वाकडा केला नाही. त्यामुळे त्यांना वाटले की पोरीला गिळता येते, डॉक्टर उगीच घाबरवतात. तिसऱ्या दिवशी तिचा श्वास वाढला आणि न्यूमोनिया म्हणून आम्ही ९ दिवस रुग्णालयात काढले. ज्या बाळांच्या मेंदूला इजा झालेली असते त्यांतल्या काहींना दूध फुफ्फुसाकडे गेले तरी ठसका लागत नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी मला नव्हे, सासूबाईंना समोर बसवून समजावले. सुनेने सांगितलेली तीच गोष्ट आज्ञा वाटते. डॉक्टरांनी आदराने बसवून सांगितली तर ती माहिती होते. तुमच्या पुढच्या तारखेला सासूबाईंना बरोबर न्याच, आणि डॉक्टरांना आधीच विनंती करून ठेवा की त्यांनी आजींशी बोलावे. ज्या बाईने चार लेकरे बोंडल्यावर वाढवली तिला "पाजू नका" एवढेच सांगणे म्हणजे तिच्या हातातले आयुष्यभराचे काम काढून घेणे आहे. त्या बदल्यात तिला दुसरे काम द्यावे लागते.

मी सासूबाईंना शिकवले ते बाळावर नाही. वॉर्डातून न वापरलेली एक नळी मागून आणली, जुन्या लुगड्याची चिंधीची बाहुली केली, नळीचे एक टोक बाहुलीच्या आतून काढून खाली वाटीत सोडले आणि त्यांना सिरिंजमध्ये साधे पाणी ओतायला दिले. सिरिंज वर धरली की पाणी भरभर उतरते, खाली आणली की थांबते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. दट्ट्या काढून बाजूला ठेवायचा, दूध ढकलायचे नाही, ते आपल्या वजनाने उतरू द्यायचे, हे सांगायची मग गरजच उरली नाही. पाच-सहा दिवस त्या रोज दुपारी बाहुलीला "जेवू" घालत होत्या. नंतर बाळाच्या वेळी सिरिंज त्यांच्या हातात आणि बाळ माझ्या मांडीवर, असे पंधरा दिवस चालले. घड्याळ त्यांना वाचता येत नव्हते. बाळ अंगावर पिते तेवढाच, म्हणजे २० ते ३० मिनिटे वेळ लागला पाहिजे, असे आम्हाला सांगितले होते. त्यांनी तो वेळ जात्यावरच्या ओव्यांवर बसवला. अमुक इतक्या ओव्या होण्याआधी दूध संपले तर त्या स्वतःच म्हणत, "आज हात उंच गेला." मुलगी आजही त्या ओव्या ऐकल्या की शांत होते.

वय आणि अक्षरओळख यांमुळे काही अडत नाही. एकदा ओरडलात म्हणून त्या खोलीत थांबत नाहीत. त्यांना तुम्हीच हाताला धरून आत आणा.

उत्तर: निवृत्त परिचारिका, नांदेड

मी शासकीय रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात बरीच वर्षे काम केले आहे. वरच्या ताईंनी शिकवण्याची जी रीत सांगितली आहे ती आम्ही वॉर्डात वापरायच्या रीतीपेक्षा चांगली आहे. मी फक्त सुरक्षिततेच्या बाजूने लिहिते, आणि त्यातली पहिली गोष्ट तुमच्या तपासणीविषयी आहे.

हवा सोडून आवाज ऐकण्याची पद्धत कृपया आता सोडून द्या. आम्हीही वर्षानुवर्षे हेच शिकवत आलो, त्यामुळे तुम्हाला कोणी मुद्दाम चुकीचे सांगितले असे नाही. परंतु नळी अन्ननलिकेत अर्धवट अडकली असली किंवा श्वासमार्गात गेली असली तरी पोटावर तसाच आवाज येऊ शकतो, हे पुढे स्पष्ट झाले आहे. भरवशाची तपासणी अशी: प्रत्येक वेळी दूध देण्याआधी सिरिंजने नळीतून थोडा द्रव अलगद ओढावा आणि पीएच मोजण्याच्या पट्टीवर एक थेंब टाकावा. पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आला तर तो पोटातल्या आम्लाचा द्रव आहे असे समजून दूध देता येते. साधा लिटमस कागद यासाठी पुरेसा नेमका नसतो. आकडे आणि रंग छापलेली पट्टीच घ्यावी. तुमच्या सासूबाईंना ऐकू कमी येते, पण रंग दिसतो ना? मग ही पद्धत त्यांच्यासाठी आवाजापेक्षा सोपीच आहे. डबीवरचे चालणारे रंग कोणते आणि न चालणारे कोणते, यांच्यामध्ये एक जाड रेघ ओढून ठेवा. बाळाला आम्ल कमी करणारे औषध चालू असेल तर पीएच वाढलेला दिसू शकतो, म्हणून तसे औषध आहे का हे डॉक्टरांना विचारून घ्या. द्रव आलाच नाही तर घाबरू नका. बाळाला डाव्या कुशीवर १५ ते ३० मिनिटे ठेवून पुन्हा ओढून पाहा. तोपर्यंत नळीत दूध, औषध, अगदी पाणीसुद्धा सोडायचे नाही.

दुसरी खूण नाकपुडीपाशी. नळी बसवल्यावर नाकपुडीच्या कडेला न पुसणाऱ्या पेनाने खूण करून घ्यावी आणि तिथला सेंटिमीटरचा आकडा घरात भिंतीवर लिहून ठेवावा. खूण बाहेर सरकलेली दिसली की दूध थांबवायचे. हे पाहायला कोणतेही शिक्षण लागत नाही.

आता जबाबदारीबद्दल. नळीचे काम हे एकच काम आहे असे समजल्यामुळे घरातली माणसे घाबरतात. माझ्या मते ती तीन वेगळी कामे आहेत. दूध कधी थांबवायचे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आले पाहिजे: देताना खोकला, ठसका, ओठ निळसर पडणे, श्वास जोरात चालणे, उलटी, किंवा झटका यांपैकी काहीही दिसले की सिरिंज खाली करायची, नळी चिमटीत दाबायची आणि बाळाला कुशीवर वळवायचे, ओठांचा रंग लगेच परतला नाही किंवा श्वासाचा त्रास थांबला नाही तर १०८ ला फोन करायचा. दूध देणे हे किमान दोघांना यावे. आणि नळी नव्याने घालणे हे ज्याने रुग्णालयात सिस्टरच्या देखरेखीखाली अनेकदा करून दाखवले आहे त्यानेच करावे. सासूबाईंवर पहिली दोन कामे निर्धास्त टाका. तिसरे त्यांच्यावर टाकू नका; घाबरलेल्या हाताने रात्री दोन वाजता नळी घालण्यापेक्षा रुग्णालय गाठणे केव्हाही बरे.

त्या रात्रीसारखी वेळ पुन्हा येईल असे धरूनच तयारी ठेवावी. पुढच्या तारखेला डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: नळी निघाली तर किती वेळ दुधाशिवाय थांबता येईल, कोणत्या लक्षणांवर तातडीने निघायचे, आणि झटक्यांच्या औषधाची मात्रा त्या काळात दुसऱ्या कोणत्या मार्गाने द्यायची. दूध चुकण्यापेक्षा ती मात्रा चुकणे मला अधिक काळजीचे वाटते. बाळ १ वर्षाचे होईपर्यंत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातील उपचार आणि ने-आण विनामूल्य आहे, तेव्हा सकाळच्या जीपची वाट पाहत बसू नका. १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक दारामागे मोठ्या आकड्यांत लिहा.

चिकटपट्टीचे सांगते, कारण तुमच्या परभणी जिल्ह्यातला मे महिना मला माहीत आहे. गाल कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा. तेलाचा हात लागलेल्या गालावर कोणतीच पट्टी टिकत नाही, म्हणून मालिश करताना चेहरा सोडावा. त्वचेवर आधी पातळ संरक्षक पट्टी आणि तिच्यावर नळी व मायक्रोपोर असे दोन थर दिले की गालही सोलत नाही. नळीचे मोकळे टोक कानामागून पाठीकडे न्या, म्हणजे बाळाच्या मुठीत सापडत नाही. दूध दिल्यावर लगेच झोळीत टाकू नका. झोळीत पोट दुमडते आणि दूध वर येते. अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवून मांडीवर किंवा खांद्याशी धरावे. काढलेले दूध साधारण २५ अंशांपर्यंत ४ तास बाहेर टिकते असे सांगतात, पण आपल्याकडे घरात दुपारी ३८ अंश असतात, तेव्हा तो हिशेब आपल्याला लागू नाही. काढले की लगेच द्या, नाहीतर फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. वीज जाण्याच्या वेळांसाठी बर्फ घातलेला थर्मास तयार असू द्या.

आणि उगाळलेली गुटी किंवा मध, नळीतूनही आणि तोंडातूनही, देऊ नये. गुटीचे कण नळीत अडकतात, आणि मधातून १ वर्षाच्या आतील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

उत्तर: एक बाप, अंबाजोगाई तालुका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. या चर्चेत सासूबाई कशा शिकतील, त्यांच्यावर काय सोपवावे, असे सगळे आले. बाळाच्या वडिलांविषयी मात्र कोणी काही लिहिले नाही, म्हणून लिहितो.

आमचा मुलगा वॉर्डात होता तेव्हा आत फक्त आईला सोडत. मी दीड महिना बाहेरच्या बाकावर बसून होतो, डबे आणत होतो, औषधे आणत होतो आणि मनात समजत होतो की मी माझे काम करतो आहे. घरी आल्यावर पहिल्याच रात्री पत्नी चक्कर येऊन पडली, आणि समोर सिरिंज असून मला ती कशी धरायची हे माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी परत वॉर्डात गेलो आणि सिस्टरना सांगितले की मला शिकवा. त्यांनी दुपारच्या वेळी, गर्दी नसताना, तीन दिवस मला बोलावले. तिसऱ्या दिवशी मी दूध देऊ शकत होतो. दोन महिन्यांनी त्यांच्याच देखरेखीखाली नळी घालायलाही शिकलो. पुण्याच्या कंपनीतून आठवडाभराची रजा मिळवणे सोपे नसते, हे मी जाणतो. तरीही आपल्या पतींनी ही एक रजा घ्यावी, असे मी त्यांचा थोरला भाऊ म्हणून सांगतो. रात्री ११ चे आणि २ चे दूध त्यांनी दिले तर महिन्यातल्या त्या चार रात्री तरी आपण झोपाल.

पोटातल्या नळीबाबत माझे मत जरा वेगळे आहे. आम्हालाही तसा सल्ला मिळाला होता, आम्ही थांबलो, आणि ९ व्या महिन्यात मुलगा चमच्याने घेऊ लागला. त्यामुळे घाई करू नये असे मला वाटते.

उत्तर: लातूरची आई

सर, तुमच्या मुलाचे ऐकून खूप आनंद झाला. पण तो वेळेआधी जन्मलेला होता का, की त्यालाही झटके होते? वेळेआधी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसायला वेळ लागतो आणि पुष्कळदा तो बसतो. माझ्या मुलीसारख्या बाळांचे तसे नसते. थांबण्यात आमचे चार महिने गेले, दर आठवड्याला नळी निघायची, नाक आतून सोलवटले होते आणि वजन जागचे हलत नव्हते. पोटातून नळी बसवल्यावर पहिल्यांदा मी तिचा पूर्ण चेहरा पाहिला. ती नळी काढून टाकताही येते, म्हणून तो कायमचा निर्णय आहे असे समजू नये.

उत्तर: एक बाप, अंबाजोगाई तालुका

ताई, आपण बरोबर ओळखले. आमचा मुलगा ३० व्या आठवड्यात जन्मलेला, त्याला झटके नव्हते. हा फरक मी लिहायला हवा होता. प्रश्नकर्त्या ताईंनी माझ्या अनुभवावरून निर्णय लांबवू नये.

उत्तर: निवृत्त परिचारिका, नांदेड

नळी अनेक महिने लागेल असे दिसते तेव्हा डॉक्टर पोटातल्या नळीचा विचार मांडतात. ती सहज निघत नाही, चेहरा मोकळा राहतो, आणि प्रत्येक वेळी जागा तपासण्याची धास्ती पुष्कळ कमी होते. म्हणजे सासूबाईंसाठी ती अधिक सोपी आहे. पण एक गोष्ट आधीच माहीत असावी. ती निघालीच तर पोटावरचे छिद्र काही तासांतच आकसू लागते, तेव्हा सकाळपर्यंत थांबता येत नाही, लगेच रुग्णालयात निघावे लागते. शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे विचारावे.

नाकातून असो वा पोटातून, तोंडाला काम दिलेच पाहिजे. दूध नळीने जात असताना बाळाला छातीशी धरा, म्हणजे पोट भरणे आणि आईचा वास यांचे नाते राहील. रोज ओल्या स्वच्छ कापडाने तोंड पुसा. गालांना आणि ओठांना कसा स्पर्श करायचा, रिकामे चोखू द्यायचे का, हे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारा. ही केंद्रे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला सांगितले की ते चिठ्ठी देतात. तिथे शिकवलेला गालांचा व्यायाम सासूबाईंकडे सोपवा. बोंडल्याऐवजी हे काम त्यांच्या हातात येऊ द्या.

सेलूकर आई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला १२ दिवस लागले.

लातूरच्या ताईंचे उत्तर मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवले, मोठ्याने. न्यूमोनियाचा भाग आला तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मला कुणी असं सांगितलंच न्हाई." ते खरे आहे. मी त्यांना नको म्हणाले होते. का नको, हे कधी सांगितले नव्हते. त्यांची मी माफी मागितली.

बाहुली त्यांनी स्वतः शिवली. पीएचच्या पट्ट्या मागवल्या आणि त्या येईपर्यंत रोज दुपारी बाहुलीवर सराव चालला. पट्ट्या आल्यावर रंग ओळखायला त्यांना एक दिवसही लागला नाही. आयुष्यभर खणाला दोरा जुळवत आलेले डोळे आहेत. एकदा त्यांनीच मला थांबवले, कारण नाकापाशी खूण बोटभर बाहेर आली होती आणि माझ्या झोपाळलेल्या डोळ्यांना ती दिसली नव्हती.

पती येत्या मंगळवारी ५ दिवसांच्या रजेवर येत आहेत. वॉर्डातल्या सिस्टरनी त्यांना दुपारी ३ वाजता यायला सांगितले आहे. त्याच दिवशी डॉक्टरांशी पोटातल्या नळीचे बोलणे होईल आणि औषधाच्या मात्रेविषयीचा कागदही लिहून घेईन. सासूबाई बरोबर येणार आहेत. त्यांचे त्यांचे प्रश्न आहेत, ते त्यांनी मला सांगितलेले नाहीत.

काल रात्री ११ चे दूध त्यांनी दिले. मी शेजारी बसले होते, पण हात लावला नाही. नंतर त्यांनी बाळाला खांद्याशी घेतले आणि मला झोपायला सांगितले.